हाकेला बर्फाची ओ

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहरात ऐन हिवाळ्यातही कोणी अंगावर लोकर चढवीत नाही. त्या उबदार बंदराच्या मुखाशी पॉइंट लोमा नावाचे उंच टेकाड समुद्रात शिरले आहे. त्यावर लष्कराने एके काळी उखळी तोफांसाठी बांधलेले काँक्रीटचे खंदक होते. तोफा गेल्या, खंदक ओस पडले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे एक विलक्षण उद्योग सुरू झाला. एक भौतिकशास्त्रज्ञ समुद्राचे खारे पाणी कुंडात भरून, ते यंत्रांनी गोठवून, त्या निळ्या उन्हाच्या गावात चक्क ध्रुवाचे बर्फ पिकवू लागला.

वॉल्डो लायन हे त्यांचे नाव. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत ते काम करीत. आर्क्टिक महासागरावर बर्फाचे झाकण असले तरी त्याच्या खालून पाणबुडी नेता येईल, या एका ध्यासाने त्यांना पछाडले होते. त्या काळच्या पाणबुड्या डिझेल आणि बॅटरीवर चालत. श्वास घ्यायला त्यांना थोड्या थोड्या वेळाने वर यावेच लागे. डोक्यावर बर्फाचे छत असेल आणि वर यायला जागाच सापडली नाही, तर आतल्या माणसांचे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. तरीही १९४७ च्या उन्हाळ्यात लायन ‘बोरफिश’ या पाणबुडीतून अलास्कापलीकडच्या चुकची समुद्रात गेले आणि बर्फाच्या कडेखाली काही किलोमीटर शिरून परत आले. त्यांचे शस्त्र होते आवाज.

पाणबुडीवरचे सोनार यंत्र एरवी खाली हाक मारून समुद्राचा तळ शोधते. लायन यांनी त्याचे तोंड वर केले. हाक वर जाणार, बर्फाच्या पोटावर आपटणार आणि ओ होऊन परत येणार. हाक आणि ओ यांच्यामधल्या वेळावरून बर्फाचे अंतर कळते. पाणबुडी किती खोल आहे हे पाण्याच्या दाबावरून कळते. एकातून दुसरे वजा केले की बर्फ पाण्यात किती बुडाले आहे ते हाती येते. तरंगत्या समुद्रबर्फाचे दहापैकी जवळपास नऊ भाग पाण्याखालीच असतात. त्यामुळे बुडालेला भाग मोजला म्हणजे जाडी मोजल्यासारखेच. पुढे साठ वर्षे ध्रुवाच्या बर्फाचा जो शोध चालला त्याचे सगळे गणित या प्राथमिक शाळेतल्या वजाबाकीवर उभे आहे.

बर्फाची जाडी त्यापूर्वी कोणी मोजलीच नव्हती असे नाही. नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८९३ मध्ये ‘फ्राम’ हे जहाज हेतुपुरस्सर बर्फात अडकवले आणि बर्फ नेईल तिकडे तीन वर्षे वाहवत जाऊ दिले. त्या प्रवासात त्यांच्या माणसांनी हातातल्या गिरमिटाने बर्फाला भोके पाडून जाडी नोंदवली. पण एका भोकाने त्या एका जागेची जाडी कळते. महासागर राहतो तो राहतोच.

लायन मात्र जाडीसाठी मोजत नव्हते. ते जिवासाठी मोजत होते. बर्फ कोठे पातळ आहे, कोठे फट आहे, कोठे वर येता येईल, एवढेच पाणबुडीला हवे होते. बर्फ कमी होत आहे का, हा प्रश्न तेव्हा त्यांच्यापुढे नव्हताच. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण पुढे जो पुरावा जगापुढे आला तो काही सिद्ध करण्यासाठी कोणी गोळा केलेलाच नव्हता.

अणुशक्तीवर चालणारी ‘नॉटिलस’ आली आणि श्वासाचा प्रश्न सुटला. आता ती आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहू शकत होती. १९५७ च्या सप्टेंबरात कमांडर विल्यम अँडरसन तिला घेऊन ग्रीनलंडच्या बाजूने बर्फाखाली घुसले. लायन आपल्या यंत्रासह बरोबर होतेच. पहिल्याच खेपेला घात झाला. वर मोकळे पाणी दिसले म्हणून पाणबुडी सरळ वर चढली आणि त्या पाण्यात तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यावर धडकली. दोन्ही पेरिस्कोप जायबंदी झाले. बोचऱ्या वाऱ्यात, हेलकावणाऱ्या पाणबुडीच्या माथ्यावर उभे राहून खलाशांनी त्यातला एक वेल्डिंग करून कामापुरता सरळ केला. पुन्हा बुडी मारली. ८७ अंश उत्तर अक्षांश गाठला. ध्रुव आता सव्वातीनशे किलोमीटरवर होता, आणि नेमक्या त्याच वेळी होकायंत्रांनी दगा दिला. ध्रुवाजवळ चुंबकसुई अशीही बहकते. त्यात गायरो होकायंत्रेही बंद पडली. दिशा हरवलेली पाणबुडी त्या काळोखात गोल गोल फिरत राहिली असती आणि तिला ते कळलेही नसते. अँडरसन यांनी जड मनाने तोंड वळवले.

दुसरा प्रयत्न १९५८ च्या जूनमध्ये झाला, या वेळी पॅसिफिकच्या बाजूने आणि कमालीच्या गुप्ततेत. मधल्या काळात सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरून गेला होता आणि अमेरिकेला जगाला दाखवण्यासारखे काहीतरी हवे होते. पण निघण्यापूर्वीच पाणबुडीच्या कंडेन्सरमध्ये एक गळती निघाली आणि ती काही केल्या सापडेना. तेव्हा खलाशी साध्या कपड्यांत सिॲटलच्या पेट्रोल पंपांवर पांगले आणि मोटारीच्या रेडिएटरची गळती बुजवणाऱ्या औषधाचे शंभराहून अधिक डबे विकत घेऊन आले. ते यंत्रात ओतले आणि गळती थांबली! जगातली पहिली अणुपाणबुडी मोटार मेकॅनिकच्या औषधावर ध्रुवाकडे निघाली.

चुकची समुद्र उथळ आहे. वर बर्फ, खाली चिखलाचा तळ आणि मधल्या चिंचोळ्या जागेतून सत्त्याण्णव मीटर लांबीचे ते धूड सरपटत होते. सोनारची सुई कागदाच्या सरकत्या पट्टीवर बर्फाच्या पोटाची रेघ काढत होती. एकाएकी ती रेघ खाली झुकली. मग आणखी खाली. एकमेकांवर रेटल्या गेलेल्या बर्फाचा प्रचंड कणा समोरून सरकत येत होता. खाली जायला जागा नव्हती, वळायला वेळ नव्हता. आतल्या माणसांनी श्वास रोखून ती सुई पाहिली. बर्फ पाणबुडीच्या माथ्यावरून जेमतेम दीड मीटर अंतर राखून निघून गेले आणि सुई पुन्हा वर चढू लागली. अँडरसन यांनी हट्ट केला नाही. पाणबुडी माघारी वळून हवाईला गेली आणि बर्फाची कड उत्तरेला हटण्याची वाट पाहत थांबली.

जुलैअखेर ती पुन्हा निघाली. अलास्काच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळावरची एक खोल घळ तिला सापडली आणि त्या वाटेने ती खोल महासागरात उतरली. ३ ऑगस्ट १९५८ रोजी, ११६ माणसांसह, ‘नॉटिलस’ उत्तर ध्रुवाच्या बरोबर खालून गेली. तिच्या खाली चार किलोमीटर पाणी होते. वर बर्फ होते आणि त्या बर्फाच्या पोटाची रेघ कागदावर अखंड उमटत होती. दोन दिवसांनी ती ग्रीनलंडजवळ वर आली. न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली, पदके मिळाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरून गेले.

कागदाच्या त्या गुंडाळ्यांकडे मात्र कोणी पाहिले नाही. त्या तिजोरीत गेल्या. पाणबुडी कोठून गेली, कोणत्या दिवशी गेली, हे शत्रूला कळू नये म्हणून त्यांच्यावर गुप्ततेचा शिक्का बसला. पुढची तीस-पस्तीस वर्षे अमेरिकी, ब्रिटिश आणि सोव्हिएत पाणबुड्या ध्रुवाच्या छताखाली एकमेकींच्या मागावर फिरत राहिल्या. अमेरिकी आणि ब्रिटिश नौदलांकडे दर फेरीला बर्फाची नवी रेघ जमा होत गेली. महासागराचे आरोग्यपत्रक लिहिले जात होते आणि ते वाचण्याची कोणाला मुभा नव्हती.

त्या अंधारात पहिली फट पाडली ती केंब्रिजच्या पीटर वॉडम्स यांनी. १९७६ मध्ये ब्रिटिश पाणबुडी ‘सॉव्हरिन’ ध्रुवाकडे गेली तेव्हा हा तरुण संशोधक तिच्यात होता. ग्रीनलंडच्या उत्तरेचे बर्फ तिने मोजले. अकरा वर्षांनी, १९८७ मध्ये, ‘सुपर्ब’ ही दुसरी पाणबुडी त्याच भागातून गेली. वॉडम्स यांनी दोन्ही रेघा शेजारी शेजारी मांडल्या. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाएवढ्या, म्हणजे सुमारे तीन लाख चौरस किलोमीटरच्या त्या टापूत बर्फ सरासरीने पंधरा टक्क्यांनी कमी भरले. १९९० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने त्यांचा निबंध छापला.

शास्त्रज्ञांच्या जगात खळबळ उडाली आणि लगोलग शंकाही उठल्या. दोनच फेऱ्या, त्याही वेगवेगळ्या ऋतूंतल्या. बर्फ काही दगड नव्हे. वारा ते रेटतो, प्रवाह ते ओढतो. एका वर्षी एका कोपऱ्यात कमी दिसले म्हणून ते आटले असे कसे म्हणावे? दोन वर्षांनी उलट पुरावाच पुढे आला. आल्फ्रेड मॅक्लॅरन हे स्वतः पाणबुडीचे कप्तान होते. १९७० मध्ये ‘क्वीनफिश’ घेऊन ते ‘नॉटिलस’च्याच वाटेने गेले होते. निवृत्तीनंतर ते संशोधनाकडे वळले. १९७७ ते १९९० या काळात ध्रुवाजवळ झालेल्या अनेक फेऱ्यांच्या नोंदी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. जाडी वर्षावर्षाला खूप खालीवर होत होती, पण सतत घटत असल्याचे काही त्यात दिसले नाही.

आता काय मानायचे? दोन्ही माणसे प्रामाणिक, दोन्ही मोजमापे खरी. अशा वेळी आणखी माहिती मिळवण्याखेरीज विज्ञानाला दुसरा मार्ग नसतो, आणि ही माहिती तर कुलपात होती.

किल्ली इतिहासाने दिली. सोव्हिएत संघ कोसळला, शीतयुद्ध ओसरले. अमेरिकी राजकारणी ॲल गोर यांनी या नोंदी शास्त्रज्ञांना मिळाव्यात म्हणून नौदलाकडे पाठपुरावा केला. १९९३ मध्ये ‘पार्गो’ ही युद्धपाणबुडी शास्त्रज्ञांना घेऊन बर्फाखाली गेली आणि दशकाच्या अखेरपर्यंत अशा आणखी फेऱ्या झाल्या. जुन्या गुंडाळ्याही हळूहळू मोकळ्या होऊ लागल्या, पण नौदलाच्या अटीवर. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश ढोबळ करायचे आणि तारखेऐवजी महिन्याचा पहिला, दुसरा किंवा तिसरा भाग एवढेच सांगायचे. गुप्तता राहावी आणि विज्ञानही चालावे, असा तो मधला तोडगा होता.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अँड्र्यू रॉथ्रॉक, यानलिंग यू आणि गॅरी मेकट या तिघांनी हे काम अंगावर घेतले. एकीकडे १९५८ ते १९७६ या काळातल्या जुन्या फेऱ्या, त्यात ‘नॉटिलस’ची ती ऐतिहासिक रेघही होती. दुसरीकडे १९९३ ते १९९७ या काळातल्या नव्या फेऱ्या. महासागराच्या नकाशावर दोन्ही पिढ्यांच्या वाटा उमटवल्या, तेव्हा २९ ठिकाणी त्या एकमेकींना छेदत होत्या किंवा अगदी जवळून जात होत्या. ऋतूचा फरक हिशेबात घेऊन प्रत्येक ठिकाणी तीच जुनी वजाबाकी करायची होती.

वॉडम्स आणि मॅक्लॅरन यांचा वाद ज्यांनी पाहिला होता, त्यांची अपेक्षा काय असेल? काही ठिकाणी बर्फ कमी, काही ठिकाणी जास्त, एकूण गोळाबेरीज संदिग्ध. प्रत्यक्षात आकडे एकामागून एक उतरू लागले आणि ते सगळे एकाच दिशेला झुकले. चुकचीजवळ घट, ब्यूफर्ट समुद्रात घट, कॅनडाच्या खोऱ्यात घट. खुद्द ध्रुवापाशी सुमारे १.४ मीटर घट. पूर्वेकडे तर त्याहूनही अधिक. महासागराच्या एकाही भागात बर्फ वाढलेले सापडले नाही. पाण्यात बुडालेल्या भागाची सरासरी पूर्वी ३.१ मीटर होती, ती आता १.८ मीटरवर आली होती. दोन पुरुष उंचीचे छत एका पुरुषावर आले होते. चाळीस टक्के बर्फ गेले होते आणि जगाला त्याचा पत्ता नव्हता.

कारण वरून पाहणाऱ्याला हे दिसतच नाही. १९७८ पासून उपग्रह बर्फाचा विस्तार नियमितपणे टिपत होते आणि तोही आक्रसत असल्याचे दाखवत होते, पण त्या मानाने सावकाश. सायीचा थर पातळ होत गेला तरी भांड्याचे तोंड झाकलेलेच राहते. उपग्रह भांड्याचे तोंड पाहत होते. साय किती उरली आहे हे फक्त खालून हाक मारणाऱ्यांना कळले होते.

डिसेंबर १९९९ मध्ये रॉथ्रॉक, यू आणि मेकट यांचा हा निबंध छापून आला. वॉल्डो लायन त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. त्यांच्या यंत्राने ध्रुवाखाली काढलेल्या रेघेने चार दशकांनंतर काय सांगितले, हे त्यांना पाहता आले नाही.

गोष्ट येथे संपायला हवी होती. पण कॅनडातल्या ग्रेग होलोवे यांनी एक बिनतोड प्रश्न विचारला. अमेरिकी पाणबुड्यांच्या वैज्ञानिक फेऱ्या एका ठरावीक चौकटीत होत; इतर देशांच्या हद्दीजवळचा भाग तिच्या बाहेर राही. मधल्या काळात वाऱ्याची दिशा बदलली होती. बर्फ वितळलेच नसेल, केवळ सरकून कॅनडाच्या किनाऱ्याकडे, म्हणजे चौकटीबाहेर, जाऊन साठले असेल तर? घरातले धान्य कमी दिसते म्हणून चोरीची बोंब मारण्याआधी दुसरी खोली पाहायला नको का? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर पाणबुडीला देता येणार नव्हते. सगळा महासागर एकदम मोजणारे काहीतरी हवे होते, आणि ते आकाशातच असू शकत होते.

ते शक्य आहे असे मानणारा एक माणूस लंडनमध्ये होता. युनिव्हर्सिटी कॉलेजचे सेमूर लॅक्सन. समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजण्यासाठी उपग्रहांवर रडार बसवलेले असत. ते खाली रेडिओलहरींची हाक मारी आणि प्रतिध्वनीवरून उंची काढी. खुल्या समुद्रासाठी ते उत्तम चाले. बर्फावर आले की प्रतिध्वनी विचित्र येत आणि समुद्रशास्त्रज्ञ ती माहिती बाजूला टाकत. लॅक्सन यांनी तो टाकाऊ ढीग उपसला. काही प्रतिध्वनी पसरट, मंद होते. काही मात्र आरशावरून ऊन उसळावे तसे झगझगीत, टोकदार. ते कोठून येत होते? बर्फाच्या दोन तुकड्यांमध्ये फट पडली की त्यातले पाणी निवांत असते. लाटा उठायला तेथे जागाच नसते. ते पाणी आरसा बनते. म्हणजे झगझगीत प्रतिध्वनी पाण्याचा आणि मंद प्रतिध्वनी बर्फाचा! दोन्हींच्या उंचीतला फरक म्हणजे बर्फाचा पाण्यावर तरंगणारा भाग. ज्याला सगळे गोंगाट म्हणत होते त्यात मोजपट्टी दडली होती.

ती मोजपट्टी अतिशय नाजूक होती. पाणबुडी दहापैकी नऊ भाग मोजत असे; उपग्रहाच्या वाट्याला उरलेला एक भाग येतो. आठशे किलोमीटर उंचीवरून वीतभर उंचवटा मोजायचा आणि त्याला सुमारे दहाने गुणायचे. वर दोन सेंटीमीटरची चूक झाली तर जाडीत वीस सेंटीमीटरची होते. वर्षानुवर्षे चाळणी करून लॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपीय उपग्रहांच्या आठ वर्षांच्या नोंदींवरून जाडीचे आकडे प्रसिद्ध केले. बर्फ वर्षावर्षाला किती बदलते आणि लांबलेला उन्हाळा त्याला कसा खातो, हे त्यातून दिसले. पण त्या उपग्रहांची नजर ८१.५ अंशांपर्यंतच पोहोचत होती. ध्रुवाभोवतीचे वर्तुळ कोरेच राहिले.

म्हणून खास बर्फासाठी एक उपग्रह घडवण्यात आला. ‘क्रायोसॅट’. लॅक्सन यांच्याच विद्यापीठातले डंकन विंगम त्याचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. कल्पना मंजूर झाल्यापासून सहा वर्षे खपून तो तयार झाला. ८ ऑक्टोबर २००५ रोजी रशियातल्या प्लेसेत्स्क तळावरून, क्षेपणास्त्राचे रूप पालटून केलेल्या रॉकेटवर तो झेपावला. उड्डाण देखणे झाले. मग ठरलेल्या वेळी त्याचा पहिला संदेश यायचा होता.

तो आला नाही. मिनिटे गेली, घटका गेली, आकाशातून ओ आली नाही. रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्याचे इंजिन बंद करण्याची आज्ञाच संगणकाच्या कार्यक्रमात राहून गेली होती. इंधन संपेपर्यंत इंजिन जळत राहिले, पुढचा टप्पा सुटा झाला नाही आणि रॉकेट उपग्रहासकट कोसळले. कोसळले ते नेमके ग्रीनलंडच्या उत्तरेला, लिंकन समुद्रात. जे बर्फ मोजायला तो निघाला होता, त्याच बर्फाच्या समुद्राने त्याला पोटात घेतले.

सहा वर्षांचे कष्ट एका दुपारी बुडाल्यावर माणसे खचली असती तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण पाचच महिन्यांत, फेब्रुवारी २००६ मध्ये, युरोपीय देशांनी तोच उपग्रह पुन्हा बांधण्याचा निर्णय घेतला.

निसर्ग मात्र थांबायला तयार नव्हता. २००७ च्या सप्टेंबरात आर्क्टिकचे बर्फ एकदम असे आक्रसले की तज्ज्ञही हादरले. होलोवे यांचा प्रश्न आता अधिकच तीव्र झाला. उरलेले बर्फ एका बाजूला रेटले गेले होते की खरोखर झिजले होते? नवा उपग्रह अजून कारखान्यात होता. लॅक्सन यांच्या चमूतल्या कॅथरीन जाइल्स या तरुण संशोधिकेने हाताशी असलेल्या ‘एन्व्हिसॅट’ या उपग्रहाच्या प्रतिध्वनींवरच उत्तर शोधायला घेतले. २००७ नंतरच्या हिवाळ्यातली जाडी तिने सहा हिवाळ्यांच्या सरासरीशी ताडून पाहिली. सरासरी पाव मीटरहून अधिक घट. पश्चिम भागात जवळपास अर्धा मीटर. आणि मुख्य म्हणजे ती ध्रुवाभोवती चहूकडे पसरलेली होती. दुसरी खोलीही रिकामी होत होती. पाठोपाठ रॉन क्वोक हे शास्त्रज्ञ आणि सिॲटलचे रॉथ्रॉक यांनी पाणबुड्यांच्या नोंदी नासाच्या लेसर उपग्रहाच्या नोंदींना जोडल्या. १९८० च्या हिवाळ्यात ३.६४ मीटर असलेली सरासरी जाडी २००८ पर्यंत १.८९ मीटरवर आली होती. खालून मारलेल्या हाकेला आणि वरून मारलेल्या हाकेला बर्फाने एकच उत्तर दिले.

८ एप्रिल २०१० रोजी कझाकस्तानातल्या बैकोनूरहून ‘क्रायोसॅट-२’ उडाला. त्याचेही रॉकेट मुळात अण्वस्त्रे वाहण्यासाठी बांधलेले क्षेपणास्त्र होते. या वेळी संदेश आला. त्याची नजर ८८ अंशांपर्यंत जात होती. कोरे वर्तुळ जवळजवळ भरले. पण लॅक्सन घाईने आकडे जाहीर करणारे नव्हते. विमानांतून केलेल्या मोजण्या आणि ब्यूफर्ट समुद्रात नांगरून ठेवलेल्या, वर तोंड केलेल्या सोनारांच्या नोंदी यांच्याशी त्यांनी उपग्रहाचे आकडे पडताळले. लायन यांची हाक अशी पुन्हा कामाला आली.

ही पडताळणी चालू असतानाच २०१२ चा सप्टेंबर उजाडला. ऑगस्टमधल्या एका प्रचंड वादळाने पातळ झालेले बर्फ घुसळून काढले होते. १९८० च्या दशकात सप्टेंबरातला बर्फाचा विस्तार सत्तर लाख चौरस किलोमीटरच्या वर असे. तो चौतीस लाखांवर आला. हे सगळे आपल्यापासून फार दूर घडते असे वाटत असेल, तर गोव्याच्या वास्कोमधल्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांचे काम पाहावे. सायबेरियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रातले उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरात कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस यांच्यात संबंध असू शकतो, असे त्यांनी २०२१ मध्ये दाखवले. सोयाबीन काढणीला आलेले असताना तो पाऊस काय करतो हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही.

लॅक्सन यांचा निबंध तयार झाला. २००३ ते २००८ या काळाच्या तुलनेत शरद ऋतूतल्या बर्फाचे घनफळ ३६ टक्क्यांनी घटले होते; सुमारे ४,३०० घन किलोमीटर बर्फ नाहीसे झाले होते. हा हिशेब जवळजवळ संपूर्ण महासागराचा होता. त्यात चौकटीबाहेरचा कोपरा उरला नव्हता.

निबंध छापून आला फेब्रुवारी २०१३ मध्ये. लॅक्सन त्याआधीच, नववर्षाच्या पहिल्या दिवसांत, एका अपघाती पडण्याने गेले होते. त्यांनी पन्नाशीही गाठलेली नव्हती. एप्रिलमध्ये कॅथरीन जाइल्स सायकलवरून कामावर जात असताना लंडनच्या रस्त्यावर अपघातात गेल्या. त्या पस्तिशीच्या होत्या. चार महिन्यांत त्या लहानशा चमूने आपले दोन मोहरे गमावले. उरलेल्यांनी प्रतिध्वनी मोजणे थांबवले नाही.

‘क्रायोसॅट-२’ साडेतीन वर्षे चालावा अशी अपेक्षा होती. तो दीड दशकाहून अधिक काळ फिरत राहिला. त्याच्या वाटेत लिंकन समुद्र पुन्हा पुन्हा येतो. तेथे आणि आसपास आर्क्टिकचे सर्वांत जुने, सर्वांत जाड बर्फ उरले आहे. उन्हाळ्यात बाकीचा महासागर उघडा पडला तरी शेवटचे बर्फ याच पट्ट्यात टिकेल असे जाणकार मानतात. तरी २०१८ मध्ये ग्रीनलंडच्या उत्तर किनाऱ्यालगत, जेथे बर्फ वर्षभर हटत नसे, तेथे मोकळे पाणी दिसले, आणि तेही फेब्रुवारीच्या काळोखात. त्या समुद्राच्या तळाशी पहिल्या ‘क्रायोसॅट’चे अवशेष पडून आहेत. दुसरा त्याच्यावरून जाताना खाली हाक मारतो. बर्फावरून मंद ओ येते, फटीतल्या पाण्यावरून झगझगीत येते, आणि दोन्हींमधला वीतभर फरक नोंदून तो पुढच्या फेरीला निघून जातो.